सुती दोऱ्याची शाळा

थ्रेडिंगला सहसा सुती दोरा लागतो. त्याला पीळ घातला की तो केस धरतो आणि मुळापासून उपटतो. प्रात्यक्षिकाच्या तासाला नववीतल्या एका मुलीने असा दोरा पहिल्यांदा बोटांत अडकवला, तेव्हा मी तिच्या शेजारी उभी होते. दोन्ही हातांत दोऱ्याची टोकं, मधे सात-आठ पीळ, आणि सराव स्वतःच्या पायावरच्या लवेवर. कुणाच्या भुवईला हात लावायला अजून बरेच दिवस होते. तिची बोटं मी बघत राहिले. दिवाळीच्या सुट्टीत ती आईबरोबर कापूस वेचायला गेली होती. वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी बोटांच्या पेरांवर काढलेल्या बारीक रेघा अजून तशाच होत्या. दोरा त्या रेघांवर अडकत होता. ती हसून म्हणाली, "मॅडम, कापूस मला सोडतच नाही."

घरी गेल्यावर तिच्या आजीने विचारलं म्हणे, "आंडेरले हाई काय शिकाडतस शाळामा?" लेकीला शाळेत हे काय शिकवतात! आजीच्या प्रश्नात काळजी होती आणि थोडी नाराजीही. भुवया कोरायला शाळा कशाला लागते? मी विज्ञान शिकवते, आणि सुरुवातीला हा प्रश्न माझ्याही मनात होता. शाळेत ज्याला 'ब्युटी अँड वेलनेस' म्हणतात, त्या विषयाची वाटचाल मी लिहायला घेतली ती त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यावं म्हणून.

सुरतेच्या गाडीने आलेला धंदा

आमचं नरडाणा शिंदखेडा तालुक्यात. सुरत–भुसावळ लोहमार्गावर शिंदखेडा सोडलं की नरडाणा, मग बेटावद, पुढे अमळनेर. मुंबई–आग्रा महामार्ग जवळून जातो, त्याच्या काठाने एमआयडीसी उभी राहिली. पण आमच्या भागातल्या बायकांच्या हाताला नवं काम लागलं ते रेल्वेने. खानदेशातली हजारो कुटुंबं पोटासाठी सुरतेला गेली. उधना, लिंबायत या तिथल्या वस्त्यांमधे आजही आमची अहिराणी बोली कानावर पडते. नवरा मागावर किंवा साडीच्या कारखान्यात, आणि बाई घरी साड्यांना टिकल्या लावणार. त्यातल्याच काही जणी शेजारच्या पार्लरमधे मदतीला जाऊ लागल्या. केर काढता काढता, टॉवेल धुता धुता, पार्लरवाल्या ताईचे हात बघत बघत त्या थ्रेडिंग शिकल्या, वॅक्स शिकल्या, नवरी सजवायला शिकल्या.

आईवडिलांच्या आजारपणाने किंवा मुलांच्या शाळेपायी त्यांतल्या काही परतल्या. येताना एक आरसा, एक फिरती खुर्ची आणि एक पेटी घेऊन आल्या. ओसरीवर पडदा लावला की पार्लर झालं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी, श्रावणात कानबाईच्या सणाआधी घर सारवून झाल्यावर हातापायांकडे बघायला वेळ मिळालेल्या बायका, आणि चैत्र-वैशाखातली लग्नसराई, या तीन हंगामांवर ते पार्लर चालायचं. या बायकांना मी या विषयाच्या पहिल्या शिक्षिका मानते. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं, पुस्तक नव्हतं. पण त्यांनी आमच्या मुलींना दाखवून दिलं की शेत आणि शिवणयंत्र यांच्यापलीकडेही हाताचं एक काम आहे, आणि त्या कामाचे पैसे थेट बाईच्या हातात येतात.

मात्र बघून शिकण्याला एक मर्यादा असते. माझ्या नात्यातल्या एका मुलीचं लग्न होतं. हळदीच्या आदल्या दिवशी तिने चेहऱ्याला ब्लीच करून घेतलं. आधी कानामागे थोडं लावून बघायला हवं होतं, ते कुणी बघितलं नाही. पावडर किती आणि क्रीम किती, हे अंदाजाने ठरलं. रात्री तिचे गाल लाल झाले, सकाळी फोड आले. हळद गालांना टाळून लावावी लागली. ब्लीच लावणारी बाई वाईट नव्हती. हायड्रोजन पेरॉक्साइड म्हणजे काय आणि अमोनिया कातडीवर काय करतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या लग्नात माझ्या मनातला प्रश्न उलटा झाला. हे शाळेत कशाला, असं विचारणारी मी विचारू लागले, हे शाळेत इतकी वर्षं का नव्हतं?

हाताने शिकण्याचा जुना वाद

हातकामाला शाळेत जागा असावी, ही मागणी महाराष्ट्राच्या मातीला नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मधे वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींची नई तालीम देशापुढे आली. शिक्षणाचं केंद्र हस्तव्यवसाय असावा, हा तिचा गाभा. स्वातंत्र्यानंतर १९५० मधे कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. आज तालुक्यातालुक्यांत दिसणारी आयटीआय त्या योजनेतून आली. १९६४ ते १९६६ या काळात डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोगाने काम केलं. त्याचे सदस्य-सचिव होते आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. आयोगाने कार्यानुभव प्रत्येक शाळेत असावा असं सांगितलं, आणि दहावीनंतरची निम्मी मुलं व्यवसाय शिक्षणाकडे वळावीत अशी अपेक्षा ठेवली. कार्यानुभव शाळेत आला खरा. पण बऱ्याच ठिकाणी तो कागदाची फुलं आणि खडूच्या कांड्या यांवर थांबला.

मुलींसाठी वेगळा विचार सत्तरच्या दशकात झाला. १९७७ मधे मुंबईत महिलांसाठी प्रादेशिक व्यवसाय प्रशिक्षण संस्था सुरू झाली. आज ती राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था या नावाने ओळखली जाते. केस आणि त्वचा यांच्या निगेचं शास्त्रशुद्ध प्रशिक्षण सरकारी छताखाली आलं ते अशा संस्थांमधून. आयटीआयतला हा व्यवसाय आधी 'हेअर अँड स्किन केअर' होता, मग 'बेसिक कॉस्मेटॉलॉजी' झाला, आता नुसता 'कॉस्मेटॉलॉजी'. दहावीनंतर एक वर्षाचा हा अभ्यासक्रम आहे. नाव बदलत गेलं तसा अभ्यासही खोल होत गेला.

शाळेच्या पातळीवर महाराष्ट्राने एक फार सुंदर प्रयोग पाहिला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मधे पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम उभा केला. तिथून माध्यमिक शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय तयार झाला. वेल्डिंग, शेती, ऊर्जा, गृह-आरोग्य अशी सगळी कामं मुलं आणि मुली दोघंही करायची. आठवडाभर बाकावर बसून जे डोक्यात शिरत नाही, ते एका दिवसाच्या कामात हाताला कळतं, हे त्या शाळांनी दाखवलं.

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर अकरावी-बारावीच्या पातळीवर एमसीव्हीसी, म्हणजे किमान कौशल्यांवर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम आले. त्यांत मुलींच्या वाट्याला बहुतेक कपडे शिवणं, बेकरी, पाळणाघर हेच विषय यायचे. १९९३ मधे भोपाळला एनसीईआरटीची पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्था स्थापन झाली आणि शालेय व्यवसाय शिक्षणाला अभ्यासक्रम लिहिणारं हक्काचं घर मिळालं. पुढे डिसेंबर २०१३ मधे राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा जाहीर झाला. नववी ते बारावी या चार वर्षांना कौशल्याच्या चार पायऱ्या जोडल्या गेल्या. महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळांमधे या आराखड्यानुसार विषय सुरू झाले ते २०१५-१६ च्या सुमारास. ऑटोमोबाइल, रिटेल, आरोग्यसेवा, पर्यटन, शेती यांच्या रांगेत 'ब्युटी अँड वेलनेस'ही येऊन बसला. नववी-दहावीच्या मुलीला दहावीच्या गुणपत्रिकेवर 'असिस्टंट ब्युटी थेरपिस्ट' असा विषय छापून मिळू लागला.

वर्ध्याच्या परिषदेपासून मोजलं तर आठ दशकं. हाताचं काम भूगोल-गणिताच्या शेजारी, त्याच गुणपत्रिकेवर यायला एवढा वेळ लागला.

साबण, लिटमस आणि कातडी

आता त्या वर्गात काय चालतं ते सांगते, कारण आजीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

माझा आम्ल-आम्लारीचा धडा दर वर्षी कोरडाच जायचा. एकदा ब्युटीच्या मुलींनी त्यांच्या पेटीतला साबण, शाम्पू आणि लिंबाचा रस वर्गात आणला. लाल लिटमस साबणाच्या पाण्यात निळा झाला, निळा लिटमस लिंबात लाल. मी विचारलं, "आपल्या कातडीचा सामू किती?" कुणालाच माहीत नव्हतं. साधारण साडेचार ते साडेपाच, म्हणजे किंचित आम्लधर्मी. साध्या साबणाचा नऊ-दहा. मागच्या बाकावरच्या एका मुलीचा हात वर गेला. "म्हणून कपडे धुतल्यावर आईचे हात खडबडीत होतात का?" तो धडा त्या वर्गाला मला पुन्हा शिकवावा लागला नाही.

वॅक्स म्हणजे साखर, लिंबू आणि पाणी यांचा पाक. चासणी जास्त झाली तर तो कडक होतो, कमी झाली तर चिकटून बसतो. घरी गुळाचा पाक बघणाऱ्या मुलीला हे लगेच कळतं. केस कायमचे स्ट्रेट करणं म्हणजे केराटिनमधले गंधकाचे बंध तोडून ते नव्या आकारात पुन्हा जोडणं. केस रंगवायच्या आधी कोपराच्या आत किंवा कानामागे रंगाचा एक थेंब लावून एक-दोन दिवस थांबायचं, कारण त्यातलं पीपीडी नावाचं रसायन काहींना अजिबात सोसत नाही. गजकर्ण, उवा, खरूज, फोड ओळखायचे आणि तसं काही दिसलं तर हात न लावता डॉक्टरकडे पाठवायचं. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड. कंगवा, चिमटा, वाटी निर्जंतुक करूनच दुसऱ्याला. २०२० च्या टाळेबंदीनंतर २८ जूनपासून महाराष्ट्रात सलून उघडायला परवानगी मिळाली, ती केस कापणं, रंगवणं, वॅक्स, थ्रेडिंग एवढ्यापुरतीच. त्वचेशी संबंधित इतर सेवा तेव्हा बंदच ठेवल्या होत्या. स्वच्छता या धंद्याचा कणा आहे, हे त्या दिवसांत सगळ्या राज्याने पाहिलं.

आणि एक गोष्ट, जिच्यासाठी हा विषय शाळेत असायलाच हवा असं मला वाटतं. "मॅडम, गोरं व्हायला काय लावू?" हा प्रश्न चौदा वर्षांची मुलगी विचारते. आमच्या उन्हात वाढलेल्या, शेतात राबलेल्या सावळ्या मुली तो प्रश्न घेऊन मेडिकलमधे जातात आणि स्टिरॉइड मिसळलेलं मलम घेऊन येतात. कातडी पातळ होते, गाल लाल राहतात, गजकर्ण औषधाला दाद देईनासं होतं. काही स्वस्त क्रीममधे पारा सापडला आहे. कातडीतून तो शरीरात जातो आणि मूत्रपिंडावर बसतो. २०२० मधे देशातल्या सर्वांत खपाच्या क्रीमला आपल्या नावातला 'फेअर' काढावा लागला. पण मनातला 'फेअर' काढायला क्रीमचं नाव बदलून भागत नाही. ते काम वर्गात होतं. "आपण कातडी निरोगी ठेवायला शिकतो, तिचा रंग बदलायला शिकत नाही," हे या विषयाच्या प्रशिक्षिकेने पहिल्याच तासाला सांगितलं. त्या मुली आता घरी, गल्लीत, मैत्रिणींना हेच सांगतात. एका गावात अशा दहा मुली असल्या तर मेडिकलच्या काउंटरवर फरक पडतो.

कुणाचं काम, कुणाचा मान

केसाला हात लावणारा हात आपल्याकडे जातीने ठरलेला होता. बलुत्यात नाभिकाला वर्षाकाठी धान्य मिळे, मान मात्र क्वचित. तरीही याच समाजात संत सेना महाराज झाले. १८९० मधे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधव एकत्र आले आणि विधवांचं केशवपन करणार नाही असा निर्धार त्यांनी केला. कसबी हाताने आपलं कसब वापरायला नकार देऊन समाज सुधारला, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं आठवत नाही. हा इतिहास ब्युटीच्या वर्गात सांगितला जावा असं मला मनापासून वाटतं, म्हणजे कात्री हातात घेणाऱ्या मुलीला कळेल की ती कुणाचा वारसा हातात घेते आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हासूरसासगिरीच्या शांताबाई यादव यांनी नवऱ्याच्या निधनानंतर १९८४ च्या सुमारास वस्तरा हाती घेतला आणि गावच्या पुरुषांच्या दाढ्या करून चार लेकी वाढवल्या. आधी लोक हसले, मग त्यांच्याकडेच यायला लागले. उलट बाजूने, मुंबईच्या सिनेसृष्टीत बायकांना केशभूषा करता येई पण मेकअप आर्टिस्ट म्हणून संघटनेचं कार्ड मिळत नसे. चारू खुराणा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि न्यायमूर्ती उदय लळित यांनी ही बंदी घटनाबाह्य ठरवली. हे काम बाईचं आणि ते पुरुषाचं, ही रेघ न्यायालयाने पुसली. शाळेत ती अजून पुरती पुसली गेलेली नाही. आमच्या भागात या विषयाला मुलगा बसला तर वर्ग हसतो. त्याला धीर देणं हे शिक्षकांचं काम आहे.

अजून काय बाकी आहे

वाटचाल सांगायची तर उणिवाही सांगायला हव्यात.

पहिली उणीव शिक्षकांची. या विषयाचे प्रशिक्षक बाहेरच्या संस्थांमार्फत, कंत्राटावर नेमले जातात. दर वर्षी नेमणुकीचं काय होणार याची त्यांना काळजी. ज्या बाई मुलींना धंद्यात स्थिर व्हायला शिकवतात, त्यांचीच नोकरी अस्थिर. मुलींना हे दिसतं. दुसरी उणीव पाण्याची आणि जागेची. पेडिक्युर फळ्यावर शिकवता येत नाही. त्याला वाहतं पाणी, कोमट पाण्याचा टब, आरसा, उजेड लागतो. खानदेशात उन्हाळ्यात शाळेच्या टाकीत पिण्यापुरतं पाणी असलं तरी खूप.

तिसरी उणीव पुढच्या वाटेची. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात एक आकडा दिला आहे: १९ ते २४ वयोगटातल्या भारतीय कामगारांपैकी रीतसर व्यवसाय शिक्षण मिळालेले पाच टक्क्यांहून कमी, जर्मनीत ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६ टक्के. अमेरिकेत बऱ्याच हायस्कुलांमधे कॉस्मेटॉलॉजी शिकवतात. तिथे केलेले तास परवान्यासाठी मोजले जातात, म्हणजे मुलगी शाळेतून बाहेर पडते तीच परवान्याच्या परीक्षेला बसायला तयार होऊन. कॅलिफोर्नियात हे तास सोळाशेवरून हजारावर आणले, पण परवाना कायम ठेवला. त्या देशातही या शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत अन्याय सोसलेली बाई होती. गुलामगिरीतून सुटलेल्या कुटुंबात जन्मलेल्या मॅडम सी. जे. वॉकर यांनी १९०८ मधे पिट्सबर्गला सौंदर्यशिक्षणाची शाळा काढली आणि हजारो कृष्णवर्णीय बायकांना स्वतःचा धंदा दिला.

आपल्याकडे ब्युटिशियनला परवाना लागत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार थोडेच कामगार असले तर नुसती सूचना देऊन पार्लर उघडता येतं. हे सोपं आहे, आणि त्याचं मला समाधानही आहे, कारण परवान्याच्या खिडकीवर गरीब बाईच अडते. पण मग शिक्षणच परवान्याच्या जागी उभं राहायला हवं. दहावीला हा विषय घेतलेल्या मुलीला अकरावीला तोच विषय जवळच्या शाळेत मिळावा, नाहीतर शिंदखेडा, शिरपूर किंवा धुळ्याच्या आयटीआयकडे जाण्याची वाट तिला कुणीतरी धरून दाखवावी. मुद्रा योजनेत शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळतं. एक खुर्ची, एक आरसा, एक स्टीमर आणि पहिल्या दोन महिन्यांचं सामान त्यात बसतं. अर्ज भरण्याचा एक तास वर्गातच व्हावा.

पहिलं गिऱ्हाईक

त्या पहिल्या मुलीकडे परत येते. पीळ घालताना दोरा अडकत होता, तीच. दुसऱ्या सत्रात प्रत्येकीला घरच्या एका व्यक्तीची सेवा करून वहीत नोंद करायची होती. तिने आईला बसवलं. निंदणी आणि वेचणीने आईच्या टाचा फाटल्या होत्या, भेगांत काळी माती बसली होती. तिने कोमट पाण्यात पाय बुडवले, मीठ घातलं, दहा मिनिटं थांबली. मग हलक्या हाताने घासलं, बोटांमधली जागा कोरडी केली, खोबरेल तेल लावलं. भेगेतून रक्त येतं तिथे घासायचं नाही, हे ती विसरली नव्हती.

वहीत तिने लिहिलं होतं: "गिऱ्हाईक: आई. सेवा: पेडिक्युर. त्वचेची तपासणी: उजव्या टाचेला दोन खोल भेगा, तिथे घासले नाही. ॲलर्जी विचारली: नाही म्हणाली. वेळ: ४० मिनिटे." सर्वांत खाली, जिथे गिऱ्हाइकाचा अभिप्राय लिहायचा असतो, तिथे आईचं अहिराणीतलं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं. आईने म्हटलं होतं की माझ्या पायांना लग्नाच्या हळदीनंतर आज पहिल्यांदा कुणी हात लावला.

आजी शेजारीच बसून सगळं बघत होती. मुलगी सांगते, आजीने नंतर काही विचारलं नाही. तिने आपलं लुगडं थोडं वर घेतलं आणि स्वतःचे पाय पुढे केले.